घरातला व्यायामाचा हौद : पाण्यापेक्षा वाफेचा बंदोबस्त आधी करा

आमचा धंदा कापडाचा. हौद बांधणे हे आमचे काम नाही, आणि या विषयावर आम्ही लिहावे असे कोणाला वाटणारही नाही. पण घरात बांधलेल्या एका लहानशा हौदाने आमच्या मालाचे नुकसान केले, आणि पुढे त्याहून मोठ्या संकटापर्यंत आम्हाला नेले. त्यातून जे शिकलो ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांना असा हौद बांधायचा आहे त्यांच्यासाठी हा लेख आहेच. पण त्याहून अधिक तो फॅब्रिकेटर, प्लंबर, टाइल्सचे मिस्त्री, वायरमन व एसी मेकॅनिक यांच्यासाठी आहे. घरे, जिम व फिजिओथेरपीची केंद्रे यांतून हे काम निघते, आणि काम बिघडले तर बोल कारागिरालाच लागतो.

हौद कशासाठी?

आमच्या अम्मींचे दोन्ही गुडघे झिजलेले. जमिनीवर चालणे कठीण झाले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा सल्ला दिला. त्यामागे साधा हिशेब आहे. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाण्यात उभे राहिले, तर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भारच येतो. कमरेपर्यंत पाणी असेल तर निम्मा. सांध्यावर भार कमी, पण पाण्याच्या अडथळ्यामुळे स्नायूंना मेहनत पुरेपूर. सार्वजनिक तलावावर जाणे अम्मींना जमणारे नव्हते. घरातल्या इतर बायकांनाही बंदिस्त जागाच हवी होती. म्हणून २०१६ च्या हिवाळ्यात भिवंडीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही हौद बांधून घेतला. लांबी १३ फूट, रुंदी ८ फूट, पाणी ४ फूट. पलीकडच्या भिंतीला लागून आमची एसी लावलेली पेढी, आणि तिच्या मागे माल ठेवण्याची खोली.

वजनाचा विचार आधी

४१६ घनफूट पाणी म्हणजे सुमारे ११,८०० लिटर, अर्थात जवळजवळ १२ टन. दर चौरस फुटावर ११० किलोंहून अधिक भार. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला १९ किलोंहून कमी भार धरून काढलेला असतो. पाण्याचा भार याच्या सहापट झाला. तेव्हा वरच्या मजल्यावर किंवा जुन्या स्लॅबवर हौद ठेवायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय एक वीटही लावू नये. आमचा हौद जमिनीवर होता म्हणून या बाबतीत निभावले.

पहिल्या पावसाळ्यात काय झाले

हिवाळा आणि उन्हाळा ठीक गेला. अम्मी सकाळी अर्धा तास पाण्यात चालत, आणि दोन महिन्यांत त्यांना आराम वाटू लागला. जून लागला आणि खोलीच्या भिंतींवरून पाणी ओघळू लागले. मिस्त्री म्हणाला, "शेठ, हौद गळतोय." आठ दिवस गळती शोधली. गळती नव्हतीच. पेढीच्या बाजूची भिंत पाझरत नव्हती, तिला घाम सुटत होता.

जुलैमध्ये मालाची खोली उघडली तेव्हा कोऱ्या कपड्याच्या ताक्यांवर काळे-हिरवे ठिपके होते. कोऱ्या कपड्यात ताण्याला लावलेली कांजी असते आणि बुरशीला तीच हवी असते. लोखंडी मांडणीला टेकलेल्या ताक्यांवर तांबेऱ्याचे डाग पडले होते. आपल्या लाइनमधल्या लोकांना सांगायला नको की असा कपडा प्रोसेस हाऊसमध्ये गेला तर काय होते. लोखंडाचा अंश असलेल्या जागी पेरॉक्साइडचे ब्लीच नको तितके जोरात काम करते आणि कापडाला भोके पडतात. माल पडत्या भावात काढावा लागला.

वाफ कुठून येते?

लूमवाल्यांना दमट हवा ओळखीची आहे. सुती ताणा कोरड्या हवेत तुटतो म्हणून शेडमध्ये आपण मुद्दाम ओल ठेवतो. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, १०० किलो अगदी कोरडा कापूस सुमारे साडेआठ किलो पाणी धरतो. आपल्या धंद्यात हवेतली ओल म्हणजे वजनाचा व पैशाचा हिशेब, हे आम्हाला पाठ. तरी घरातल्या हौदाला तोच हिशेब लावायचे आम्हाला सुचले नाही.

हौदातून वाफ किती निघेल हे तीन गोष्टींवर ठरते : पाण्याचा उघडा पृष्ठभाग, पाण्याचे तापमान, आणि खोलीतल्या हवेत आधीच असलेली ओल. खोल हौद आणि उथळ हौद यांत वाफेच्या दृष्टीने फरक नाही, फरक उघड्या पृष्ठभागाने पडतो. आमच्या मापाच्या हौदात पाणी ३२ अंश, खोलीची हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर इंजिनिअर लोक वापरतात त्या सूत्राने दिवसाला सुमारे २९ लिटर पाणी हवेत जाते. म्हणजे दोन मोठ्या बादल्या रोज कोणीतरी भिंतींवर ओतावे तसे.

आता आमची चूक ऐका. खोलीत गुदमरल्यासारखे होते म्हणून आम्ही तिथे साधा एसी बसवला आणि हवा २५ अंशांवर आणली. वाटले, एसी ओल खेचून घेईल. झाले उलटे. हवा थंड व कोरडी झाली की कोमट पाणी अधिक जोराने वाफ सोडते. त्याच सूत्राने हिशेब केला तर २९ लिटरचे ५० लिटर होतात. शिवाय प्रत्येक लिटर वाफ पाण्यातली उष्णता घेऊन जाते, सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी. २९ लिटरला जवळजवळ २० युनिट, ५० लिटरला ३४. एका बाजूने हीटर पाणी तापवतो, दुसऱ्या बाजूने एसी हवा थंड करतो, आणि बिल दोन्हीकडून आपल्याला. त्यात साध्या एसीची कॉइल क्लोरीनच्या हवेत दोन वर्षांत खाऊन गेली ती वेगळीच.

नियम असा : बंद खोलीतल्या हौदाची हवा पाण्यापेक्षा १ ते २ अंश गरम ठेवावी आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राखावी. सांधेदुखीसाठी पाणी ३३ अंशांच्या आसपास लागते. जोराच्या व्यायामासाठी २८ ते ३० पुरे, आणि तिथे वाफही कमी.

भिंतीला घाम का येतो?

थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब येतात, तीच गोष्ट. प्रत्येक हवेचा एक दवबिंदू असतो. त्याहून थंड पृष्ठभाग मिळाला की हवा आपली ओल त्यावर टाकते. ३३ अंश व ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली तर तो २९ अंशांवर चढतो. आमच्या पेढीचा एसी २३ वर चालत असे, त्यामुळे मधली भिंत थंड. आर्द्रता मोजायला आम्ही साधे काट्याचे यंत्र लावले तेव्हा ते ८५ दाखवत होते. लूम शेडमध्ये ओल्या-कोरड्या बल्बचा थर्मामीटर टांगणारे आम्ही, घरात तो लावायला सात महिने लागले.

पंखा लावला तर ओल निघून जाणार नाही काय? ऋतूवर अवलंबून आहे. मालेगाव किंवा सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी असते की एक्झॉस्ट पंखा खोली सुकवून टाकतो. पण भिवंडी, मुंबई व कोकणच्या जुलैमध्ये बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के. तिच्यात खोलीतल्या योग्य हवेपेक्षा जास्त पाणी असते. अशा वेळी जितका पंखा चालवाल तितकी ओल आत येईल. तेव्हा किनारपट्टीवर डीह्युमिडिफायर, म्हणजे ओल शोषणारे यंत्र, घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

हे यंत्र घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लेटवर लिहिलेले लिटर बहुधा ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेचे असतात. ६० टक्क्यांवर तेच यंत्र बरेच कमी पाणी काढते. २९ लिटरची गरज असेल तर ५० लिटरचे यंत्र घ्यावे, आणि कॉइलवर गंजरोधक लेप आहे की नाही हे विचारून घ्यावे. हे यंत्र खोलीला थोडी ऊबही देते, ती इथे कामाचीच आहे.

सर्वांत स्वस्त इलाज मात्र यंत्राचा नाही, चादरीचा आहे. वापर नसताना पाण्यावर तरंगते प्लास्टिकचे आवरण घातले की वाफ जवळजवळ थांबते. हौद दिवसातून दोन तास वापरायचा आणि बावीस तास उघडा ठेवायचा, यात शहाणपण नाही. एक लहान एक्झॉस्ट पंखा तरीही हवा. खोलीतला दाब बाकीच्या घरापेक्षा किंचित कमी राहिला तर वाफ व वास दाराच्या फटीतून पेढीत किंवा गोदामात जात नाही. मधल्या भिंतीला हौदाच्या बाजूने वाफ अडवणारा थर द्यावा. पेढीच्या बाजूने कितीही रंग काढला तरी भिंतीच्या आत ओल साचतच राहते.

"एसएस आहे शेठ, गंजत नाही"

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोलीत जिप्समचे फॉल्स सीलिंग होते. जीआयच्या पातळ चॅनेलवर बसवलेले आणि स्टीलच्या पट्ट्यांनी स्लॅबला टांगलेले. ठेकेदाराने छातीठोकपणे सांगितले होते की पट्ट्या एसएसच्या आहेत, जन्मभर गंजणार नाहीत. २०१९ च्या एका सकाळी सीलिंगचा सहा-सात फुटांचा तुकडा चॅनेलसकट हौदात पडला. अम्मी पाण्याबाहेर येऊन अर्धा तासही झाला नव्हता. त्या अर्ध्या तासाचा विचार आजही आमची झोप उडवतो.

पडलेल्या पट्ट्या आम्ही एका जाणकार फॅब्रिकेटरकडे नेल्या. तो म्हणाला, बाहेरून बघाल तर थोडे तपकिरी डाग, पण आतून चिरा गेल्या आहेत. मग त्याने जे सांगितले व आम्ही पुढे वाचले ते असे.

क्लोरीन पाण्यातल्या घामाशी व मूत्राशी मिळून क्लोरामाइन तयार करतो. तलावावर जो "क्लोरीनचा वास" येतो तो बहुतांशी याचाच. ही वायुरूप द्रव्ये वाफेबरोबर वर जातात, थंड धातूवर दवात विरघळतात, दव सुकते आणि मागे क्लोराइड राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जिन्याच्या रेलिंगवर पाण्याचे शिंतोडे उडतात, ते पुसले-धुतले जाते. छताजवळच्या पट्टीला कोणी धूत नाही, तिच्यावर थर वाढत जातो. वरून ती भाराने ताणलेली. ताण, क्लोराइड व ऊब एकत्र आले की स्टेनलेस स्टीलमध्ये बारीक चिरा पडतात. गंज दिसत नाही, जाडी कमी होत नाही, आणि एक दिवस पट्टी काचेसारखी तुटते.

हे आमच्या घरचेच रडगाणे नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर गावात ९ मे १९८५ रोजी बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत खाली आले आणि १२ माणसे मरण पावली. इमारत अवघी १३ वर्षांची होती. छत टांगणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळया याच प्रकाराने तडकल्या होत्या. हा धडा जगाला मिळाल्यावरही २०११ साली नेदरलँड्समधील टिलबर्ग येथे तलावावर टांगलेले स्पीकर पडून एका तान्ह्या बाळाचा जीव गेला. तिथेही टांगणी स्टेनलेस स्टीलचीच होती.

म्हणून कारागीर बांधवांनो, "एसएस" एवढ्या शब्दावर काम घेऊ नका आणि देऊही नका. बाजारात २०२ जातीचे स्वस्त स्टील रेलिंगला सर्रास लागते. त्यात निकेल कमी व मँगेनीज जास्त असते, ते इथे टिकत नाही. लोहचुंबकाने २०२ आणि ३०४ यांतला फरक कळत नाही, हेही लक्षात असू द्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम जास्त, म्हणून हाताच्या रेलिंगला व शिडीला ३१६ घ्यावे आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन पुसावे. लोखंडी तारेच्या घासणीने घासू नये. तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजू लागतात.

पण डोक्यावर भार टांगायला ३१६ सुद्धा चालत नाही. युरोपच्या मानकात धुलाई न होणाऱ्या अशा भागांसाठी १.४५२९, १.४५४७ व १.४५६५ या मोजक्या, महागड्या जातीच मान्य आहेत. आपल्या लहान कामात एवढे महाग स्टील आणण्यापेक्षा टांगायचेच नाही, हा सरळ मार्ग. आम्ही फॉल्स सीलिंग काढूनच टाकले. उघड्या स्लॅबला सिमेंटचे प्लास्टर व ओल सोसणारा रंग दिला. दिवे भिंतीवर घेतले. पंखा, स्पीकर, झुंबर, काहीही पाण्यावर टांगलेले नाही.

इतर धातू व वीज

साधे लोखंड वापरायचे तर वेल्डिंग पूर्ण झाल्यावर हॉट डिप गॅल्वनाइझिंग करून वर इपॉक्सी रंग द्यावा. आधी गॅल्वनाइझ करून मग वेल्डिंग केले तर जोडावरचा जस्त जळून जातो आणि गंज तिथूनच शिरतो. अॅल्युमिनियमची खिडकी चालते, पण तिला लोखंडी किंवा पितळी स्क्रू मारू नये. ओल्या जागी दोन वेगळे धातू टेकले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. पाइप व कंड्युट पीव्हीसीचे घ्यावेत. हौदाच्या काँक्रीटमध्ये सळईवर पुरेसे कव्हर असावे आणि खारी रेती अजिबात नको. सळई गंजली की गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

विजेचा बोर्ड, मोटरचे पॅनल व क्लोरीनचा डबा यांना एका खोलीत ठेवू नये. डब्यातून निघणारा वायू तांब्याचे कनेक्शन काळे करतो. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी अवश्य हवा, पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच, आणि शिडी, रेलिंग व पंपाचा सांगाडा यांना एकत्र अर्थिंग. यात वायरमनने पैसे वाचवू नयेत आणि मालकाने वाचवायला सांगू नये.

पाण्याची निगा

पाणी नीट ठेवले तर वास कमी आणि गंजही कमी. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८, हे रोज किटने तपासावे. वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला असे लोक समजतात. बहुधा पाणी मळलेले असते आणि थोडे ताजे पाणी भरण्याची गरज असते. उतरण्यापूर्वी साबणाने आंघोळ करण्याची सवय लावली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. मिठाचे यंत्र लावले की क्लोरीन लागत नाही, असे विक्रेते सांगतात. ते यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवते, आणि पाण्यात क्लोराइड अधिक राहते. हायपो व ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीचिंगच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे ठाऊक आहे, घरातल्या माणसांना सांगावे लागते.

एक गोष्ट आमच्या लाइनची. घरातल्या बायका सुरुवातीला सुती सलवार-कमीजमध्ये पाण्यात उतरत. सुताचा बारीक तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसे व रंग उतरे. आता पूर्ण अंगाचा पोशाख पॉलिएस्टरचा शिवून घेतला आहे. ताणला जाणारा कपडा हवा असेल तर पीबीटी-पॉलिएस्टरचा घ्यावा. लायक्रा क्लोरीनमध्ये लवकर ढिली पडते. आपल्या होजिअरीवाल्यांनी या मालाकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

शेवटी

असा हौद बांधणाऱ्याने तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : स्लॅबचा भार, वाफ काढण्याची सोय, आणि प्रत्येक धातूची जात बिलावर लिहून. कारागिरानेही कोटेशनमध्ये हे तीन मुद्दे स्वतः होऊन मांडावेत. भाव थोडा चढेल, काही गिऱ्हाईक परत जाईल. पण जो मिस्त्री "मालक, पाण्यावर काही टांगू नका" असे सांगून आपले सीलिंगचे काम सोडतो, त्याच्याकडे लोक दुसऱ्या वेळी स्वतः चालत येतात. दर सहा महिन्यांनी शिडी लावून डोक्यावरचा प्रत्येक जोड हाताने तपासावा. दाराला कुलूप असावे म्हणजे मुले एकटी आत जाणार नाहीत.

अम्मी आजही रोज सकाळी पाण्यात चालतात. काटा पावसाळ्यातही ५८ ते ६० च्या आसपास असतो. मालाची खोली आम्ही मात्र दुसऱ्या गाळ्यात हलवली आहे. कपडा आणि पाणी यांना एका भिंतीचे शेजारी करू नये, एवढे या वयात आम्हाला पटले आहे.